मैत्रिणीच्या आजोबांचा चौक

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते.

“अगं, आपल्या नाक्यावरच्या चौकाला आबांचं नाव देतायत,” ती म्हणाली. “ठराव पास झाला. पंधरा ऑगस्टला फलक लागणार.”

“अरे वा, झकास!” मी म्हटलं. आणखीही बरंच काय काय म्हटलं, अगदी मनापासून म्हटल्यासारखं. फोन ठेवल्यावर पाहिलं तर देठं परातीत होती आणि पानं कचऱ्याच्या पिशवीत.

हे सांगायला लाज वाटते, पण सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. मी एकसष्ट वर्षांची बाई. मुलुंडच्या एका खाजगी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून रिटायर झाले. आणि पाचवीत असल्यापासून मी या एका मैत्रिणीवर जळत आलेय. कारण आबा. आबा म्हणजे तिचे आजोबा, वडिलांचे वडील. स्वातंत्र्यसैनिक. त्यांना सरकारकडून ताम्रपट मिळाला होता आणि तो मैत्रिणीच्या मुलुंडच्या घरात, बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात असायचा. ऑगस्ट महिना आला की तिची आई तो चिंचेने घासून लखलखीत करायची. एकदा मैत्रिणीने मला तो घासायला दिला होता. “पण अक्षरांवर जोरात नको हं,” असं म्हणून. मी हलक्या हाताने घासत राहिले आणि मनात येत होतं, हा हातातून पडला आणि वाकडा झाला तर?

आमची दोघींची घरं मूळची एकाच गावची. कोकणातलं खाडीकाठचं गाव. तिचं घर गावातलं मोठं, ओटी-पडवीचं; पुढे ते सगळे मुलुंडला आले, आमच्या शाळेच्या रस्त्यावरच राहायला. माझे वडील गिरणीत लागले म्हणून आम्ही मुंबईला आलो, भांडुपच्या चाळीत राहिलो. आजीही आमच्याबरोबर आली. ती गावी मासे विकायची, इथेही मासेच विकू लागली. पहाटे उठून ससून डॉकवरून माल आणायचा आणि मुलुंडला रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसायचं. आमच्या शाळेच्या रस्त्यावर. मी रोज त्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायची.

शाळेत झेंडावंदनाला प्रमुख पाहुणे म्हणून बहुतेक वर्षी आबाच यायचे. पांढरीशुभ्र टोपी, हातात काठी, आवाज मात्र खणखणीत. आम्ही सगळ्या मैदानात उन्हात उभ्या, आणि मैत्रीण पाहुण्यांच्या मागच्या खुर्चीवर, सावलीत. बाईंना तिला हाताने खूण करून “इकडे बस” असं म्हणावंही लागायचं नाही, इतकं ते ठरलेलं होतं. भाषणात आबा सांगायचे, की आम्ही लढलो ते नुसतं गोऱ्यांना घालवायला नाही, माणसामाणसातलं अंतर मिटवायला. टाळ्या वाजायच्या. मीही वाजवायची.

आम्ही सहावीत असतानाची गोष्ट. भाषण संपवून आबा गळ्यात हार घेऊन शाळेच्या फाटकातून बाहेर पडले. मैत्रीण त्यांचा हात धरून, मी तिच्या मागे. फाटकासमोरच माझी आजी पाटी घेऊन बसली होती. आबांना पाहून ती अर्धवट उठली आणि म्हणाली, “आबानू, बरे आसात मां?”

आबा थांबले. तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “कोण गं तू?”

आजी हसली. “कोण नाय,” म्हणाली आणि खाली बसली.

मी मैत्रिणीच्या मागे लपले होते. आजीने मला पाहिलं की नाही, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. तिने मला हाक मारली नाही एवढं खरं.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, “तू आबांना कशी ओळखतेस?” ती पाय चोळत बसली होती. म्हणाली, “तांच्यो चिट्यो खाडीपार नेलंय मी. माशांखाली घालून. पोलिसांनी तीन दिस चौकीत बसवून ठेवलां माका.”

मी फिस्सकन हसले. “मग तुला का नाही मिळाला ताम्रपट?”

“माका लिवाक येना नाय,” ती म्हणाली. “मगे माझा नाव कोण लिवतलो?”

वडीलही हसले. चाळीत असं काहीबाही सांगणाऱ्या बऱ्याच म्हाताऱ्या होत्या. आजीने तो विषय पुन्हा काढला नाही. मी कॉलेजात असताना ती गेली.

पुढे आम्ही दोघींनी एकाच सरकारी नोकरीसाठी परीक्षा दिली. अभ्यास एकत्र केला, तिच्याच घरी, कारण आमच्याकडे बसायला जागा नव्हती. मला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले. नोकरी तिला लागली. स्वातंत्र्यसैनिकाने आपल्या घरातल्या एकाचं नाव नामनिर्देशित पाल्य म्हणून द्यायचं असतं, त्यांच्यासाठी काही जागा राखीव असतात. आबांनी तिचं नाव दिलं होतं. ती पेढे घेऊन भांडुपला आली तेव्हा मी तोंडात पेढा ठेवला आणि गिळेपर्यंत किती वेळ गेला, देव जाणे.

मैत्री तुटली नाही. लोकांना वाटतं, हेवा असला की मैत्री नसते. आमची होती आणि खरी होती. माझ्या बाळंतपणात तिने रजा काढून डबे आणले. तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलमध्ये मी बसले होते. पण आत कुठेतरी हे दुखणं चालूच. मुलांना मी शिकवायची, ‘स्वातंत्र्यलढ्यामुळे समाजात कोणते बदल झाले?’ पाच मुद्दे ठरलेले. जातिभेदाची बंधनं सैल झाली, स्त्रिया घराबाहेर पडल्या, वगैरे. फळ्यावर लिहिताना दर वेळी मनात यायचं, एका घरात ताम्रपट आणि राखीव जागा, दुसऱ्या घरात काही नाही, हा बदल कितव्या मुद्द्यात घालायचा?

तर आता चौक. चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन. “फलकाखाली आबांची थोडी माहिती कोरायचीय. आणि मला दोन मिनिटं बोलायचंय. तू लिहून देशील का? तू मास्तरीण आहेस, तुझ्याइतकं कोणाला जमणार?”

मी लगेच हो म्हटलं. प्रेमाने नव्हे. मला बघायचं होतं, एवढं नाव मिळायला आबांनी नेमकं केलं तरी काय होतं. कागदपत्रं चाळायला मिळतील, काही कमी-जास्त सापडेल. इतका खालचा विचार होता तो.

मैत्रीण आता मुलुंड पूर्वेलाच एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. मुलगा पवईला वेगळा राहतो. घरात ती, तिचा नवरा आणि तिची आई. आईला मी लहानपणापासून काकू म्हणते. काकूंचं वय पंच्याण्णव. पाय गेलेत, डोळे अधू झालेत, डोकं मात्र माझ्यापेक्षा साफ. त्यांना सांभाळायला दिंडोशीहून एक बाई येते, दोन बस बदलून.

मी पोचले तेव्हा मैत्रीण निघायच्या घाईत होती. कार्यक्रमाच्या समितीची मीटिंग होती. “फाइल टेबलावर ठेवलीय. आईला विचार काय विचारायचं ते. पण ती काय सांगेल, बाई, ती तर घरातच असायची,” असं म्हणत ती गेली.

फाइलमध्ये प्रमाणपत्रं होती, जुनी कात्रणं होती, आबांच्या भाषणाचे कागद होते. मी वहीत टिपणं काढत होते. भूमिगत कार्य. पत्रकांचं वाटप. एक वर्ष कारावास. स्वातंत्र्यानंतर गावात मुलींची शाळा. सगळं खरं होतं, शिक्क्यासकट. खोट काही सापडेना.

काकू खिडकीशी खुर्चीत बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “काय लिहितेस?”

मी वाचून दाखवलं. “भूमिगत असताना त्यांनी पत्रकांची गुप्त ने-आण केली.”

“कोणी केली?” काकू म्हणाल्या.

“आबांनी.”

“मामंजींनी कशी करावी? ते तर खाडीपलीकडे काजूच्या बागेत लपलेले. बाहेर पाऊल टाकलं असतं तर धरले गेले असते. मी चौदाव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा सासरा कसा दिसतो तेही मला सहा महिने ठाऊक नव्हतं. पत्रकं, चिठ्ठ्या, भाकरी, सगळं नेलं तुझ्या आजीने.”

माझं पेन तसंच राहिलं.

“तुम्हाला ठाऊक होतं? ती माझी आजी होती ते?”

“तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस तेव्हाच ओळखलं मी. तोंडवळा तोच. हसतेस तशीच.”

“मग कधी बोलला नाहीत ते?”

“तू कुठे विचारलंस? तू तर रस्त्याच्या पलीकडून जायचीस. मी गॅलरीतून बघायची ना.”

काकूच पुढे सांगू लागल्या. सासूबाई मागच्या दाराशी यायच्या, माझी आजी पाटी उतरवायची. वरचे बांगडे बाजूला केले की खाली केळीचं पान, त्याच्याखाली मेणकापडात गुंडाळलेले कागद. होडी सुटायच्या जागी पोलीस सगळ्यांची बोचकी उघडून बघायचे. माशांच्या पाटीत हात घालायला एकही तयार नसायचा. वास लागेल म्हणून, आणि विटाळ होईल म्हणून.

“एकदा कोणीतरी चुगली केली,” काकू म्हणाल्या. “तीन दिवस तिला चौकीत ठेवली. तेव्हा तुझा बाप अंगावर पीत होता. तिने एक शब्द सांगितला नाही. सुटून आली ती थेट आमच्या मागच्या दाराशी. ओठ फाटलेला. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पायलीभर तांदूळ दिले त्यांनी. पण पायरीखाली उभी करून दिले. आणि ती गेल्यावर मला म्हणाल्या, ‘तिथे पाणी शिंपड.’”

“तुम्ही शिंपडलंत?”

“शिंपडलं. मी कोण न शिंपडणारी?” काकू म्हणाल्या. “झेंडा लागला त्या दिवशी ओटीवर गाव लोटलं होतं. मामंजी मधोमध. तुझी आजी मागच्या दारी आली. साखर वाटायला मला ठेवलं होतं. मी तिच्या पदरात वरून टाकली साखर. हात लागू नये म्हणून. या हाताने.” त्यांनी हात पुढे केला. कातडी कागदासारखी झाली होती.

मी त्या हाताकडे पाहत होते आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? दया नाही, रागही नाही. मैत्रिणीच्या आईने माझी आजी तिशीतली पाहिली आहे, ओठ फाटलेला असताना पाहिली आहे, आणि मी नाही. मला पुन्हा हेवाच वाटला.

मग शाळेच्या फाटकाची गोष्ट मी त्यांना सांगितली. “आबांनी ओळखलंसुद्धा नाही तिला.”

“ओळखलं होतं,” काकू शांतपणे म्हणाल्या. “घरी आले ते पानावरून तसेच उठले. मी विचारलं तर म्हणाले, ‘ती भेटली आज. मुलुंडला मासे विकते.’ एवढंच.”

“मग ओळख का नाही दिली?”

“गळ्यात हार होता ना. लाजले असतील. मोठी माणसं अशीच लाजतात, दुसऱ्यालाच अनोळखी करून टाकतात. वाईट नव्हते गं ते. तुरुंगात हाल सोसले, पाठीवर वळ होते मरेपर्यंत. पण त्यांचं स्वातंत्र्य ओटीपर्यंत आलं, तिथेच बसलं लोडाला टेकून. माजघरात आलं नाही.”

तेवढ्यात सांभाळणारी बाई आत आली. तिला उशीर झाला होता, पदराने घाम पुसत होती. मागची लिफ्ट बंद होती म्हणून अकरा मजले चढून आली होती. पुढच्या लिफ्टमध्ये घरकामगारांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी जायचं नाही, अशी पाटी खाली लावलेली आहे. येताना मी ती वाचली होती आणि पुढच्या लिफ्टने वर आले होते.

“बघ,” काकू मला म्हणाल्या, “मागचं दार अजून आहेच. आता ते वरखाली जातं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधीच कल्पनेत आणलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “मला तुझ्या आजीचा फार हेवा वाटायचा.”

“माझ्या आजीचा? तुम्हाला?”

“हो तर. मी माजघरातून परसापर्यंत जायची, परसातून माजघरात. ती खाडीपलीकडे जाऊन यायची. मामंजींशी समोरासमोर बोलायची. एकदा म्हणे त्यांना तिने सुनावलं, चिठ्ठी लहान लिवा, माशांखाली पुस्तक मावत नाय. मी सून असून त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. एकदा मी हळूच तिला विचारलं, खाडीपलीकडे काय आहे गं? तर म्हणाली, ‘थंय पण अशीच माणसां आसत, वैनीनू.’” काकू हसल्या. “मला वाटायचं, हिला विटाळ आहे म्हणून ही मोकळी आहे. माझा विटाळ कोणाला होत नाही म्हणून मी कोंडलेली. वेडा विचार, पण यायचा.”

मुलींची शाळा निघाली तेव्हा काकू अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांनी सासूबाईंकरवी विचारलं, की मला जाता येईल का. आबांनी निरोप पाठवला, आता आपलं राज्य आलंय, आता घर नीट चालवायला हवं. शाळेच्या मास्तरांचं जेवण त्यांच्याकडेच असायचं. ते काकू करायच्या. मुली शिकत होत्या आणि त्यांच्या मास्तरांना काकू ताक वाढत होत्या.

“पण मुलीला नोकरी लागली ती आबांमुळेच ना,” मी म्हटलं. इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं. “त्यांनी तिचं नाव दिलं.”

“त्यांनी दिलं?” काकूंचा आवाज एकदम चढला. “नाव नातवाचं, माझ्या मुलाचं, द्यायचं ठरलं होतं. फॉर्म भरून तयार होता. मुलगी काय, लग्न होऊन जाणार, सवलत दुसऱ्याच्या घरात जाईल, असं म्हणाले. माझा नवराही तेच. मी त्या दिवशी चूल बंद केली. पन्नाशी उलटली होती माझी, तोपर्यंत कधी उलटून बोलले नव्हते. म्हटलं, सही होईपर्यंत या घरात मी भात टाकणार नाही. सासूबाई तेव्हा नव्हत्याच, लेक मावशीकडे गेलेली. तीन दिवस पुरुषांनी बाहेरून आणून खाल्लं. चौथ्या दिवशी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, ‘सूनबाई, हे कुठे शिकलात?’ मी म्हटलं, ‘तुमचीच भाषणं ऐकून. माजघरात ऐकू यायची.’ मग सही केली.”

ज्या नोकरीवर मी चाळीस वर्षं जळत होते, ती अशी मिळाली होती. मला वाटत होतं ती तिला जन्मासोबत आंदण मिळाली. ही गोष्ट माझ्या मैत्रिणीलाही ठाऊक नव्हती. काकू म्हणाल्या, “तिला कशाला सांगू? तिचे आजोबा तिला आवडतात, आवडू देत.”

घरी गेले त्या दुपारी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईसाठी मी चहा टाकला. तिचा कप खिडकीत वेगळा असतो. कोणी असं ठरवलं नव्हतं, पण असतो. मासेवालीची नात असून माझ्या घरात वेगळा कप होता, आणि इतक्या वर्षांत तो मला दिसला नव्हता. मी तिला आमच्यातल्या कपात चहा दिला. ती म्हणाली, “ताई, माझा कप फुटला का? तोच द्या ना, त्याच्यात जास्त मावतो.” मग आम्ही दोघींनी सगळेच कप काढून मोठ्यातले दोन निवडले. हे मी मोठेपणाने सांगत नाही. उशीर किती झाला होता ते सांगतेय.

मी माहिती लिहिली. फलकासाठी चार ओळी. शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘त्यांची पत्रके जिवावर उदार होऊन खाडीपार नेणाऱ्या गावातील मासेविक्रेत्या स्त्रीचेही येथे स्मरण.’ नाव न घालता. भाषणातही दोन वाक्यं घातली. मैत्रिणीला नेऊन दिलं. तिने चष्मा लावून वाचलं.

“ही कोण?”

“माझी आजी.”

तिने पुन्हा वाचलं. “तुला कोणी सांगितलं?”

“तुझ्या आईने.”

“आईचं वय बघ ना यार. आणि कागद आहे का काही? समिती विचारेल. उद्या कोणी उठून म्हणेल, माझी पण आजी, माझी पण मावशी.”

“कागद कसा असेल? तिला लिहायला येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांनी लिहिलं नाही.”

“म्हणजे आबांनी?” ती उभी राहिली. “आत्ता, अशा प्रसंगी, तुला हेच सुचलं? तू ना, लहानपणापासून जळतेस माझ्यावर. मला काय कळत नाही?”

हे वाक्य मी कधीतरी ऐकणार, हे मला माहीत होतं. त्याच्यासाठी उत्तरंही तयार ठेवलेली. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, “हो. जळते.”

तिने चष्मा काढला.

“पाचवीपासून,” मी म्हटलं. “तू सावलीत बसायचीस तेव्हापासून. नोकरी लागली तेव्हा तर तुझं वाईट व्हावं असंसुद्धा मनात आलं होतं. पण हे लिहिलंय ते जळून नाही लिहिलेलं. म्हणजे, थोडं जळूनच. पण खरं आहे.”

ती खाली बसली. म्हणाली, “मला वाटायचं तू नाकारशील.” मग म्हणाली, “मलाही तिथे खुर्चीत बसायला आवडायचं नाही गं. तुम्ही सगळ्या एकत्र असायचात. खिदळायचात. मला हलायला बंदी.”

ते ऐकून मला बरं वाटलं का? नाही. मला वाटलं, हिला सावलीत बसून कंटाळा यायचा. किती ती चैन!

फलकावर माझी ओळ आली नाही. समितीने मजकूर छोटा हवा म्हणून कापला, निदान तिने तसं सांगितलं. मी तपास केला नाही. भाषणाचं मात्र ती म्हणाली, “ते माझ्या हातात आहे. बघते.”

पंधरा ऑगस्टला चौकात मंडप होता. ढोल होते. स्टेजवर खुर्च्यांची रांग, त्यात शेवटच्या खुर्चीवर मैत्रीण, बाकी सगळे पुरुष. काकूंना आणलं नव्हतं, व्हीलचेअर चढवायला जागा नव्हती. मी खाली, दुसऱ्या रांगेत. मैत्रीण बोलायला उठली. आबांबद्दल सांगितलं, शाळेबद्दल सांगितलं, कागदाचं पान उलटलं आणि थोडं थांबून म्हणाली, “आबा भूमिगत असताना पकडले गेले नाहीत, कारण आमच्या गावातली एक मासे विकणारी बाई...” आणि नेमकी तेव्हा पुढाऱ्यांची गाडी आली. ढोल सुरू झाले. माणसं उठून उभी राहिली. ती वाचत राहिली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. ढोल थांबायची वाट न पाहता, सोडून न देता, दोन्ही वाक्यं तिने पूर्ण वाचली. ती मीच लिहिलेली असल्यामुळे मला ओठांवरून कळली. दुसऱ्या कोणालाही ऐकू आली नसणार.

पडदा बाजूला झाला, नाव दिसलं. टाळ्या. मनात परत तेच, जुनं. निळ्या फलकावर पांढरी अक्षरं, चांगली मोठी, आणि ती आमची नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. टॉवरच्या खाली सांभाळणारी बाई काकूंची औषधं घेऊन मागच्या लिफ्टशी उभी होती. मैत्रिणीने तिला हाक मारून पुढच्या लिफ्टमध्ये घेतलं. वॉचमन काहीतरी म्हणायला पुढे झाला. मैत्रीण म्हणाली, “काय तक्रार असेल ती कमिटीला लिहून दे.” दार बंद झालं. अकरा मजले ती बाई लिफ्टच्या आरशात बघून आपले केस नीट करत होती. पुढच्या आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं, मैत्रिणीने उत्तर दिलं, आणि ते प्रकरण अजून चालू आहे. पाटी तिथेच आहे.

काकू जाग्या होत्या. मैत्रीण कपडे बदलायला आत गेली.

“बायका किती होत्या स्टेजवर?” काकूंनी मला विचारलं.

“एकच. तुमची लेक.”

“बसली होती की उभीच?”

“बसली होती. शेवटच्या खुर्चीवर.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “बोलली?”

“बोलली. सगळं वाचलं. ढोलात ऐकू नाही आलं कोणाला.”

त्या म्हणाल्या, “ढोल तेव्हाही होते. झेंडा लागला त्या दिवशी. तुझी आजी मला काहीतरी म्हणाली होती, साखर घेताना. मला ऐकू आलं नाही. परत विचारायचं राहूनच गेलं.”

आता मी आठवड्यातून दोनदा काकूंकडे जाते. मैत्रिणीला वाटतं, मी तिला मदत करायला येते. थोडी करतेही. पण मी जाते ती माझ्या आजीसाठी. काकू दर वेळी काहीतरी एखादं काढून देतात. आजी चालताना डावा हात कमरेवर ठेवायची. पाटी उतरवताना ‘हुश्श’ न म्हणता शीळ घालायची. बाईमाणसाने शीळ घातलेली काकूंनी पहिल्यांदा तिचीच ऐकली. मी ते सगळं वहीत उतरवून घेते, तारीख घालून, काकूंची सही घेऊन. सही करायला काकूंना खूप वेळ लागतो. त्या लिहायला कोणाकडून शिकल्या असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “लेकीची पहिलीची पाटी असायची ना घरात. ती शाळेत गेली की मी गिरवायची.”

त्या सही करत असताना मैत्रीण आतून चहा घेऊन येते, आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहते, आणि काकू न बघताच त्या हातावर आपला गाल टेकवतात. मी वहीत डोकं घालून बसते. तेवढं मला अजून बघवत नाही.